खोटंखोटं इंजेक्शन: रुग्णालयातल्या लहान मुलाशी कसं खेळावं

पहिल्या दिवशी आकांत, दुसऱ्या दिवशी मुसमुसणं, तिसऱ्या दिवशी गप्प. वॉर्डात दाखल झालेल्या तीन वर्षांच्या मुलाचं बऱ्याचदा असंच होतं, आणि तिसऱ्या दिवशी मोठ्यांना हायसं वाटतं. ‘रुळला बाई एकदाचा,’ असं कुणीतरी म्हणतं. मला मात्र त्या तिसऱ्या दिवसाचीच जास्त काळजी वाटते. रडणाऱ्या मुलाला आपलं कुणीतरी ऐकेल अशी आशा असते. गप्प झालेल्या मुलानं ती सोडून दिलेली असू शकते.

लंडनमध्ये काम करणारे समाजसेवक आणि मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी आईवडिलांपासून दूर, रुग्णालयात राहणाऱ्या लहान मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि त्यांना हेच तीन टप्पे दिसले: आधी विरोध, मग निराशा, मग अलिप्तपणा. १९५२ मध्ये त्यांनी अडीच वर्षंही पूर्ण न झालेल्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या मुक्कामाचा चित्रपट डॉक्टरांना दाखवला. ती मुलगी फारशी रडत नाही, आणि म्हणूनच तो पाहवत नाही. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या मुलांच्या हिताचा विचार करायला नेमलेल्या प्लॅट समितीनं आपल्या अहवालात सांगितलं की आईवडिलांना मुलाला केव्हाही भेटू द्यावं, लहान मुलाजवळ आईला राहू द्यावं आणि वॉर्डात खेळाची सोय असावी.

आई जवळ असली तरी एक गोष्ट उरतेच. रुग्णालयात मुलाला सगळं ‘केलं जातं’. टोचलं जातं, उचललं जातं, उपाशी ठेवलं जातं, झोपेतून उठवलं जातं. खेळात मात्र मूल स्वतः काहीतरी करतं. त्यामुळे पुढे जे जे सांगणार आहे त्यामागचा विचार एकच आहे: खेळ मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवण्यापुरता नाही, सिरिंज थोडा वेळ मुलाच्या हातात देण्यासाठी आहे.

आधी भीती कोणती ते ओळखा

साधारण सहा-आठ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सगळ्यात मोठी भीती असते ती माणूस दूर जाण्याची. सुई दुखते, पण आई दाराबाहेर जाणं त्याहून भयंकर. या वयात समजावून सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही. माणूस जवळ असणं, ओळखीची चादर, ओळखीचा वास, रोजचं गाणं, हेच औषध.

तीन ते सहा या वयात भीतीचं रूप बदलतं आणि मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. या वयाच्या मुलाला वाटतं की जगात जे घडतं ते आपल्यामुळे घडतं. त्यामुळे आजार म्हणजे शिक्षा. ‘मी बाळाला ढकललं होतं, म्हणून मला इथे ठेवलंय,’ हे वाक्य मूल बोलून दाखवत नाही, मनात मात्र ठेवतं. आपण घरी ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असं म्हटलेलं असेल तर या समजुतीला पुरावाच मिळतो.

दुसरी भीती शरीराची. शरीर म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी आणि सुईनं तिला भोक पडलं, आता सगळं रक्त गळून जाणार, असं या वयात खरोखर वाटतं. सुई निघाल्यावरही मूल किंचाळत राहतं आणि पट्टी लावताक्षणी शांत होतं, ते यामुळे. पट्टी म्हणजे त्याच्या लेखी भोक बुजलं. म्हणून चिमुकल्या टोचणीलाही पट्टी लावा आणि शक्य असेल तर ती मुलालाच लावू द्या. त्वचा नाजूक असेल किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी असेल, तर मात्र सिस्टरना आधी विचारा.

सहाच्या पुढच्या मुलांना कारणं समजतात. त्यांना लाज वाटते, सगळ्यांसमोर कपडे काढावे लागतात याचा राग येतो. त्यांच्याशी खेळताना बाळबोध बोललात तर ती तुम्हाला लगेच ओळखून दूर सारतात.

पहिली भेट: हात रिकामे ठेवा

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी चार वर्षांच्या एका मुलीच्या पलंगाशी गेले आणि लगेच डॉक्टरांचा खेळण्यातला संच उघडून बसले. मोठ्या हौसेनं आणला होता. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुढचे दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या नजरेत मीही सुई घेऊन आलेली आणखी एक बाईच होते.

तेव्हापासून मी असं करते. आधी आईशी किंवा बाबांशी बोलते, मुलाला ऐकू येईल असं. मग खुर्ची ओढून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसते, पण थोडी तिरकी, समोरासमोर नाही. कागद काढते आणि स्वतःच काहीतरी करायला लागते: घडी घालते, रंगवते, चिकटवते. मुलाकडे काही मागत नाही. पाच-दहा मिनिटांत बहुतेक मुलांची नजर कागदावर येते. मग एक रंगीत खडू त्याच्या हाताला लागेल असा ठेवते आणि पुन्हा माझ्या कामाला लागते. खडू उचलला गेला तर खेळ सुरू. नाही उचलला तर ‘हा खडू इथेच ठेवते, मी संध्याकाळी येईन’ असं सांगते आणि संध्याकाळी खरंच जाते. येईन म्हणून न येणारी माणसं त्या मुलानं खूप पाहिलेली असतात.

‘नको’ म्हणायची मुभा ही या सगळ्यातली फार मोलाची गोष्ट आहे. सुईला नको म्हणता येत नाही, औषधाला नको म्हणता येत नाही. तुम्हाला तरी म्हणता आलं पाहिजे.

पलंग म्हणजे भोज्जा

पकडापकडीत भोज्जाला हात लावला की कुणी आउट करू शकत नाही. तसं ठिकाण आजारी मुलालाही हवं. जमेल तिथे सुई टोचणं, पट्टी बदलणं असली कामं पलंगावर न करता वेगळ्या खोलीत करावीत, आणि खेळाच्या कोपऱ्यात तर कधीच करू नयेत. डॉक्टर-सिस्टर आढेवेढे घेत नाहीत, फक्त आधी बोलून ठेवावं लागतं. मुलाला पलंगावरून हलवता येणारच नसेल तर जागा बदलता येणार नाही, पण खूण ठरवता येते: उशीवर निळा रुमाल असेल तोवर कुणी टोचणार नाही. सुई घेऊन येणाऱ्यानं आधी रुमाल काढायचा, कारण सांगायचं, मग काम. एवढ्यानं मुलाचं दर पावलाच्या आवाजाला दचकणं बरंच कमी होतं.

पिशवीत काय, आणि काय नको

भारी खेळणी लागत नाहीत. कोरे कागद, जाड मेणखडू, रंगीत कागद, बोथट टोकाची कात्री, डिंक, पाण्यानं धुता येणारे रंग, सुई नसलेल्या नव्या सिरिंज, कापसाचे गोळे, बँडेजची गुंडाळी, साबणाच्या फुग्यांची बाटली, धुता येणारी एक साधी बाहुली. बाहुलीला चेहरा ठळक नको. हसऱ्या चेहऱ्याच्या बाहुलीला रडता येत नाही, आणि आपल्या बाहुलीला रडावं लागणार आहे. जुन्या पांढऱ्या कापडाची शिवलेली, चेहरा कोरा असलेली बाहुली उत्तम. डोळे-तोंड मूल स्वतः काढतं.

सुरक्षिततेबाबत तडजोड नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला गिळता येईल असं काही देऊ नका. खेळण्यांच्या चाचणीत यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते या वयाला धोक्याचं. बटणासारख्या बॅटऱ्या आणि लहान चुंबकं वॉर्डात आणूच नका. रबरी फुगे टाळा: फुटलेला तुकडा घशात अडकतो, आणि वारंवार ऑपरेशनं झालेल्या काही मुलांना रबराच्या लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी असते. ऑक्सिजन चालू असेल तिथे ठिणगी पडेल असं काहीही नको. सिरिंज सिस्टरकडून मागून घ्या. वापरलेली एकही वस्तू खेळात येता कामा नये.

एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाणारी प्रत्येक वस्तू साबणानं धुवून, वॉर्डातल्या जंतुनाशकानं पुसून, कोरडी करूनच द्यायची. केसाळ खेळणं एका मुलाचं झालं की त्याचंच. पाणी आत साचून राहतं अशी पोकळ रबरी खेळणी नकोतच. रंगाचं पाणी दर वेळी ताजं करा. रोगप्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या मुलाकडे जाण्याआधी काय चालेल हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिशवी उघडू नका. माती, वाळलेली पानंफुलं तिथे वर्ज्यच समजा. उपाशी ठेवलेल्या मुलासमोर खोटाखोटा स्वयंपाक मांडू नका, हे सांगायला लागू नये, पण होतं असं.

अगदी लहानग्यांसाठी

वर्षभराच्या बाळाला ‘बुवा… कूक!’ हा खेळ म्हणजे नुसती गंमत नाही. चेहरा गेला, चेहरा परत आला. गेलेलं माणूस परत येतं याचा तो सराव आहे. रुमालाआडून करा, पडद्याआडून करा, मग आई दाराआड दोन सेकंद जाऊन करते, मग पाच सेकंद. दोन वर्षांच्या मुलाला डब्यात वस्तू टाकायच्या आणि काढायच्या, झाकण लावायचं आणि उघडायचं, यात बराच वेळ रस असतो. उघडणं-बंद करणं आपल्या हातात आहे, हे त्यातलं सुख.

सलाईनमुळे एक हात बांधलेला असेल तर कागद ट्रेला चिकटपट्टीनं लावा, म्हणजे दुसऱ्या हातानं धरावा लागत नाही. उजव्या हाताच्या मुलाचा उजवाच हात अडकला असेल तर बारीक काम देऊ नका, चिडचिड होते. ठसे, कागद फाडणं, मोठे फराटे द्या. कागद फाडणं हा फार गुणी खेळ आहे. आवाज येतो, जोर लागतो, राग निघतो, आणि तुकड्यांतून पुढे चित्र चिकटवता येतं.

डॉक्टर-डॉक्टर

ओळख झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बाहुली काढा. हा सगळ्यात कसदार खेळ आहे, म्हणून सावकाश.

बाहुलीला काय झालंय हे तुम्ही ठरवू नका. ‘हिला बरं नाहीये. काय होतंय गं हिला?’ एवढंच विचारा आणि थांबा. मूल बहुधा स्वतःचाच आजार सांगेल, किंवा मुद्दाम दुसराच. दोन्ही बरोबर. मग सामान पुढे ठेवा: सिरिंज, कापूस, बँडेज, मास्क. कोणती वस्तू मूल आधी उचलतं आणि कशाला हात लावत नाही, याकडे लक्ष ठेवा. मास्क बाजूला सारला गेला तर भीती मास्कची आहे.

बरीच मुलं बाहुलीला दणादण टोचतात. दहा वेळा, वीस वेळा, पोटात, डोळ्यात. शेजारचे मोठे लगेच म्हणतात, ‘अगं हळू, तिला दुखेल ना!’ तसं म्हणू नका. मूल जे सोसून आलंय ते बाहुलीला देतंय, आणि या वेळी सुई त्याच्या हातात आहे. तुम्ही बाहुलीचा आवाज व्हा: ‘नको ना! मला नाही आवडत! आई कुठे गेली?’ मग मूल काय उत्तर देतं ते कान देऊन ऐका. ‘गप बस, रडायचं नाही’ असं दरडावलं तर त्याला असंच दरडावलं गेलं असेल. ‘झालं, झालं, आता फुंकर घालते’ म्हणालं तर कुणीतरी त्याला नीट सांभाळलंय. दोन्ही गोष्टी आईवडिलांना आणि सिस्टरना सांगण्यासारख्या असतात, कुणावर ठपका न ठेवता.

एका बाबतीत मात्र मध्ये बोलायचं. खेळात चुकीची समजूत दिसली तर ती खेळातूनच दुरुस्त करायची. ‘हिनं खोटं बोललं म्हणून सुई,’ असं मूल म्हणालं तर बाहुलीलाच सांगा: ‘तू काही केलं नाहीस हं. खोडी करणाऱ्याला सुई देत नाहीत. पोटात दुखतंय ते थांबावं म्हणून सुई.’ हे सरळ मुलाला सांगितलेलं कानावरून जातं. बाहुलीला सांगितलेलं ते मन लावून ऐकतं.

खेळ त्याच त्या वळणावर अडकला, मूल आणखी घाबरत चाललं, श्वास जोरात यायला लागला, तर थांबा. बाहुलीला पांघरूण घाला, ‘ती आता दमली’ म्हणा आणि रंगांकडे वळा.

सुईच्या आधी, सुईच्या वेळी

सांगायचं कधी? दोन-तीन वर्षांच्या मुलाला अगदी थोडा वेळ आधी. आदल्या दिवशी सांगितलं तर रात्रभर धसका. चार-पाच वर्षांच्याला काही तास आधी, मोठ्या ऑपरेशनला एखाद-दोन दिवस आधी, म्हणजे बाहुलीवर तालीम करता येते. त्याहून मोठ्यांना आणखी आधी, प्रश्न विचारता येतील इतकं.

सांगायचं काय? खरं. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य एकदाच चालतं. त्यानंतर तुमच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास उरत नाही. ‘मुंगी चावल्यासारखं’ हेही जपून, कारण काही मुलं मग अंथरुणात मुंग्या शोधतात. मूल काय पाहील, काय ऐकेल, काय जाणवेल ते क्रमानं सांगा: आधी गार ओला कापूस, मग पट्टा हाताला घट्ट मिठी मारेल, मग टोचेल, मी पाचपर्यंत मोजेन. ‘पोट कापणार’ऐवजी ‘पोटातलं दुखणारं बरं करण्यासाठी छोटी फट करणार’. भूल देण्याला नुसतं ‘झोपवणार’ म्हटलं तर रात्रीची झोप उडते. ‘ही औषधाची झोप असते. तिच्यात काही दुखत नाही, आणि काम झालं की डॉक्टर जागं करतात,’ असं सांगा.

पर्याय खरे द्या. ‘सुई घ्यायची ना?’ हा प्रश्न फसवा आहे, कारण ‘नाही’चा उपयोग नाही. कुठला हात, मांडीवर बसून की खुर्चीत, मोजायचं की गाणं म्हणायचं, बघायचं की मान वळवायची, हे पर्याय खरे. आणि एक ‘टाइम प्लीज’ ठरवा: मुलानं मूठ वर केली की डॉक्टर थांबतील, तीन श्वास होईपर्यंत. हे डॉक्टरांशी आधी बोलून ठरवा आणि सुई आत गेल्यावर हे चालणार नाही, हेही मुलाला सांगून टाका. बहुतेक मुलं मूठ वर करतच नाहीत. करता येते, एवढंच त्यांना पुरतं.

चार जणांनी दाबून धरलेलं मूल सुईपेक्षा त्या धरण्यालाच जास्त घाबरतं. त्याला मांडीवर, छातीशी धरून बसवा. हात हवा तेवढाच मोकळा. लसीकरणाच्या वेदनांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशींतही हेच आहे: आईवडील जवळ असावेत, बाळाला कुशीत घ्यावं, अंगावर पिणाऱ्याला पाजावं. घाई नसेल तर बधिर करणाऱ्या मलमाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. त्याचा असर व्हायला साधारण तासभर लागतो.

आणि साबणाचे फुगे. फुगा मोठा व्हायचा तर हळू, लांब फुंकावं लागतं. लांब उच्छ्वासानं शरीर सैलावतं, घट्ट आवळलेला हात सुटतो. रडताना फुंकता येत नाही आणि फुंकताना रडता येत नाही. बाटली नेता येत नसेल तर कागदाची पिसं फुंकायला द्या, किंवा बोटांच्या पाच मेणबत्त्या. खोलीत एकाच माणसानं बोलावं. पाच जण एकदम ‘काही नाही, काही नाही’ म्हणतात तेव्हा मुलाला कळतं की नक्कीच काहीतरी आहे.

झाल्यावर ‘किती शूर, रडला पण नाही’ म्हणू नका. पुढच्या वेळी रडू आलं तर तो स्वतःला भित्रा समजेल. ‘तू हात किती स्थिर ठेवलास’ असं त्यानं जे केलं ते सांगा. रडत रडत केलं असेल तर ‘रडू आलं तरी हात हलवला नाहीस’.

रंग आणि चित्रं

सिरिंजमध्ये पाण्याचे रंग भरून मोठ्या कागदावर पिचकारी मारणं, हा माझ्या अनुभवात एकदाही न फसलेला खेळ. ज्या वस्तूला पाहून मूल किंचाळत होतं तिच्यातून निळं आकाश निघतं. खाली जुनी चादर अंथरा आणि पसारा होऊ द्या.

चित्र पाहून ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. ‘मला याबद्दल सांग ना’ म्हणा, आणि मूल गप्प राहिलं तर तेही चालेल. काळा रंग वापरला म्हणून मनाचे अर्थ काढत बसू नका. कदाचित तोच खडू जवळ होता. चित्र मुलाचं आहे. भिंतीवर लावायचं, घरी न्यायचं की फाडायचं, ते मूल ठरवेल.

निरोप, आणि खेळू नये तेव्हा

आईला जावं लागत असेल तर मूल झोपलेलं असताना चोरून जाऊ नये. मग मूल झोपेलाच घाबरतं. रंगीत कागदाची साखळी करा, दर कडी म्हणजे एक जेवण किंवा एक झोप. शेवटची कडी फाडली की आई. आईची ओढणी किंवा बाबांचा रुमाल उशाशी राहू द्या. जितक्या कड्या सांगितल्या तितक्यातच परत या.

दुखत असेल तर आधी दुखणं कमी करायचं, मग खेळ. खेळतंय म्हणजे दुखत नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नका. मुलं दुखत असतानाही खेळतात. धाप लागलेली असेल, गुंगी असेल, उलटीची भावना असेल तर नुसतं शेजारी बसून रंगवा. लिंबूटिंबूसारखं त्याला खेळात असू द्या, राज्य न घेता. आणि मूल कित्येक दिवस खेळतच नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, खाणं सोडलं असेल, तर डॉक्टरांना सांगून बालमानसतज्ज्ञाची मदत मागा. तिथे एकट्यानं प्रयत्न करत राहू नका.

घरी गेल्यावर काही आठवडे मूल पुन्हा अंथरूण ओलं करेल, आईला चिकटून राहील, रात्री दचकेल. रागवू नका. बाहुली बरोबर द्या, बँडेजची उरलेली गुंडाळीही द्या. तिला रोज सलाईन लागेल, रोज टोचलं जाईल, घरातल्या प्रत्येकाला तपासून घ्यावं लागेल. बाबांनी निमूट हात पुढे करावा आणि ‘आधी सांग, किती दुखणार?’ असं विचारावं. मग एखाद्या दिवशी बँडेज सुटून पलंगाखाली गेलेलं दिसेल आणि बाहुली शाळेत गेलेली असेल. बँडेज उचलून खणात ठेवा, टाकू नका. पुढच्या तापाला ते पुन्हा मागितलं जातं.